दोन रेजिमेंटची डिव्हिजन

८ एप्रिल २००१, रवि.
पेपरातून व्याख्यानमालेचं पत्रक पडलं. २६ ला आमचे सर. विषय: 'पळपुटी फौज – फॅसिस्ट इटलीचा लष्करी फार्स'. पडद्यावर स्लाइड्ससह, हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सौजन्याने. सरांनी जन्मात इटलीवर एक ओळ लिहिलेली नाही. माझ्या ओळखीत इटलीच्या फौजेवर लिहिणारी एकच बाई, आणि ती त्या वेळी वारज्यात गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

१० एप्रिल, मंगळ.
सरांकडे गेले. ते माझ्या पीएच.डी.चे गाइड. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जात नाही, आणि दिवाळीपासून ते तो 'वाचतायत'. म्हणाले, "वैशालीबाई, तुमच्या दुसऱ्या प्रकरणाचा थोडा आधार घेतलाय व्याख्यानाला. पुढे पुस्तकही करतोय. तुम्हाला आनंदच होईल."
झाला. इतका झाला की खाली जिन्यात बसावं लागलं.
मी शिकवते त्या कॉलेजात इतिहासाचे तास कापून कॉम्प्युटरला देतायत. जूनपर्यंत प्रबंध जमा नाही, तर मी घरी. हे सरांना पक्कं ठाऊक, म्हणून आवाज एवढा गोड.

१५ एप्रिल, रवि.
विनयची कंपनी म्हणजेच ती सौजन्यवाली. नवरा तिथे असल्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. स्लाइड्सचा प्रिंटआउट घेऊन आला.
तक्ता माझा. शब्द माझे. आणि चूकही माझी!
पहिल्या खर्ड्यात मी इटलीची डिव्हिजन तीन रेजिमेंटची धरली होती. खरं तर दुसऱ्या महायुद्धाआधीच त्यांनी ती दोनची करून टाकली. माणसं तेवढीच, डिव्हिजनांची संख्या मात्र वाढली. हुकूमशहाला सज्जात उभं राहून छाती फुगवायला तेवढं पुरतं. हे सापडल्यावर सगळं प्रकरण नव्याने लिहिलं: ट्रक नाहीत, तोफा मागच्या युद्धातल्या, रणगाड्यांना पत्रा पातळ, वायरलेस नावापुरते. शिपाई भित्रा नव्हता, त्याला तसं धाडणारे नालायक होते. त्याची नवी फ्लॉपी दिवाळीतच सरांच्या हातात दिली होती. उघडलेलीच दिसत नाही. त्यांच्या स्लाइडवर इटालियन अजून खऱ्याच्या दीडपट आहेत, आणि तरी पळतायत.
विनय म्हणाला, "सांगून टाक, अजून वेळ आहे."
नाही सांगणार. बुडू दे.

२१ एप्रिल, शनि.
आप्पा मुळशीहून आले. आप्पा म्हणजे माझे वडील; इंग्रजांच्या काळात मराठा पलटणीत होते, आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर इटालियनांशी लढले. लहानपणापासून ऐकतेय, त्यामुळेच हा विषय घेतला. पत्रक वाचून दाखवलं. सुपारी कातरायची थांबली.
"पळत हुते, तर आमची मानसं मेली कशी? त्या डोंगरावर कोन बसलं हुतं, माकडं?"
त्यांच्या गावचे तिघं तिथेच राहिले.
आता हे माझ्या एकटीचं भांडण नाही. मला सरांचं नुकसान नकोय. फजिती हवी आहे, भर सभेत, पुढच्या रांगेत त्यांची बायको बसलेली असताना.

२६ एप्रिल, गुरु. रात्री
हॉल भरलेला. सर रंगात. मॅकरोनीवर तीन विनोद. लोक हसत होते, आप्पा समोर बघत बसलेले.
इथे शेवटी प्रश्न चिठ्ठ्यांवर द्यायचे, अध्यक्ष वाचतात, नाव वाचत नाहीत. माझी चिठ्ठी डाव्या हाताने लिहिली, सर अक्षर ओळखतात. 'डिव्हिजन युद्धाआधीच दोन रेजिमेंटची झाली होती. आपण तीन धरल्यात. मग दीडपट सैन्य पळालं, हा हिशोब कुठून आला?'
अध्यक्षांनी वाचलं. सरांनी चष्मा पुसला. किती सुंदर दिसत होते घाम पुसताना. पण मग...
"हा आकडा माझा नाही. आमच्या विद्यार्थिनी वैशाली जगताप यांच्या प्रबंधातलं प्रकरण मी जसंच्या तसं घेतलं. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला की असं होतं."
टाळ्या. टाळ्या!! बाजूची बाई मला म्हणाली, "हल्लीची मुलं अभ्यासच करत नाहीत." झोप येणं शक्य नाही.

२७ एप्रिल, शुक्र.
वर बसलेल्यांनी माती खायची आणि बोट खालच्याकडे दाखवायचं. सरांनी काल इटलीचा इतिहास शिकवला तो हा.
दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी विनय बूट काढता काढता म्हणाला, "प्रकरण तुझं आहे, जसंच्या तसं घेतलं, हे त्यांनी माइकवर सांगितलं ना? तिथे प्रत्येक व्याख्यानाची कॅसेट निघते. म्हणजे कबुलीच झाली."
पहिली कॅसेट मीच घेणार. पोळी दोन घास जास्त गेली.

३ मे, गुरु.
सरांचा फोन. पुस्तकाच्या प्रकाशकाने काहीतरी विचारलेलं दिसतंय. "व्याख्यानमालेच्या समारोपाला व्यासपीठावर या, दोन वाक्यं बोला. 'चूक माझी होती. सरांचा दोष नाही.' लोक विसरून जातील. तुमच्या प्रबंधावर तिथल्या तिथे सही करतो, पेन खिशात ठेवतो."
"येते सर," म्हटलं. अगदी नम्रपणे.

६ मे, रवि.
समारोप संध्याकाळी. विनयचं म्हणणं, आज सांगतील ते बोल, सही घे, कॅसेट काय पळून जात नाही. बरोबर आहे त्याचं. नोकरी वाचते. पण टाळ्या त्या हॉलमध्ये झाल्या. मला त्याच खुर्च्यांसमोर बोलायचंय.
पहिलं वाक्य: चूक माझी होती. दुसरं मी बसवलंय: दुरुस्त केलेलं प्रकरण दिवाळीपासून सरांच्या टेबलावर आहे, त्यांनी ते उघडलेलं नाही. आरशासमोर म्हणून बघितलं, आवाज कापत नाही.
आप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार.
"सही भाषनाच्या आदी का मागनं?"
"मागून."
"मग दुसरं वाक्य बोललीस तर?"
"नाही मिळणार."
त्यांनी चपला घातल्या. "पुढच्या रांगंत जागा मिळंल का बघ," म्हणाले. रिक्षा खाली उभी आहे, विनय हाका मारतोय.