हृदयाची गोळी

प्रिय बारक्या,

फोनवर तुला धाप लागते आणि तुझी ऐकून मला, म्हणून लिहायला बसले.

बाबांच्या बेकरीत आपण दोघं भट्टीपुढेच वाढलो. तो धूर अजून छातीतून गेलेला नाही. गेल्या वर्षी माझ्या छातीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "एका चाचणीत भाग घ्याल का?" हृदयाचं एक जुनं औषध आमच्यासारख्यांचे धापेचे झटके कमी करतं का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. तुझे भावोजी म्हणाले, "छातीवाल्यांना ही गोळी द्यायला डॉक्टर कचरतात. तू कशाला प्रयोगाचा उंदीर होतेस?" मी म्हटलं, "उंदीर झाले तर तुमच्या पसाऱ्यातून वाट तरी सापडेल." हसले. पण पहिली गोळी घेतली त्या दिवशी दुपारभर समोर बसून माझ्याकडेच बघत होते.

हिवाळ्यात मला झटका आलाच. दवाखान्यात राहावं लागलं. बरी होऊन परत श्वास मोजायच्या नळीत फुंकायला गेले, तर नर्स म्हणाली, "आजी, केक नाहीये समोर, जोर लावा." हसता हसता निम्मा श्वास तिथेच संपला.

काल निकाल सांगायला बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मला खरी गोळी होती. पण झटके काही तिने कमी केले नाहीत. शेजारी बसलेले एक टॅक्सीवाले पुटपुटले, "म्हणजे वर्षभर उगाच फुंकत होतो." मीही हिरमुसले. मग बाई म्हणाल्या, "पण खरी गोळी घेणाऱ्यांची धाप वाढलीही नाही. तीच तर आम्हाला भीती होती." मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

कारण तुझ्या हार्ट अटॅकनंतर तुझ्या डॉक्टरांनी हीच गोळी लिहिली आणि तुझी छाती तपासून, धाप वाढेल म्हणून स्वतःच खोडली. तेव्हापासून तू पायऱ्या उतरायलाही भितोस. बाईंना मी सगळं सांगितलं. "प्रत्येकाचं वेगळं असतं, तपासल्याशिवाय शब्द देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण त्यांना घेऊन या, त्यांच्या डॉक्टरांशीही मी बोलते." सोमवारची वेळ घेतली आहे. भावोजी गाडी घेऊन दाराशी येतील. नाही म्हणायचं असेल, तर तपासून झाल्यावर म्हण.

तुझीच, थोडी धापत पण खुशीत असलेली,
ताई