फोटोवाल्याचा कोट

पिट्सबर्ग, ११ मार्च १९०८

प्रिय इम्रिख,

माझा फोटो पाहून तू शेत विकून अमेरिकेला यायचं ठरवलंस, म्हणून सांगतो. त्यातला माझ्या अंगावरचा कोट फोटोवाल्याचा आहे. गावी फोटो पाठवणारा आमच्यातला प्रत्येक जण तोच घालतो. पाठीत फाटलाय, पण पाठ फोटोत येत नाही.

कष्ट करणारा इथे वर चढतो, हे मीच तुम्हाला लिहीत आलो. मी इंग्रजी स्वतः शिकलो, पोलाद किती तापलं ते नुसत्या रंगावरून सांगतो. तरी एकोणीस वर्षं त्याच भट्टीपुढे आहे. मुकादमाची जागा मागितली तर साहेब हसला. "गाश्पर, एवढा शहाणा तू, मग हातात अजून फावडंच कसं रे?"

काल त्यानेच बोलावलं. "खोकून खोकून मरशील लेका. धडधाकट भाऊ आहे ना गावाकडे? त्याला भट्टीवर आण, तुला फाटकावर राखणीला बसवतो."

मी हो म्हणालो.

म्हणून हे पत्र टाकणार नाही. दुसरं टाकलंय. त्यात एवढंच आहे: लवकर ये, खिळे मारलेले बूट मात्र आणू नकोस. भट्टीपुढे ते खिळे तापून तळव्यात उतरतात, हे लिहिलं नाही.

तुझा थोरला,
गाश्पर