अक्काच्या घरची शांतता

प्रिय सृष्टी,

तुझा मोबाइल अप्पांनी आडत दुकानाच्या गल्ल्यात कुलूपबंद केल्याचं कळलं. अव्वाच्या फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे स्पीकर लावून अख्ख्या घराशी बोलायचं. म्हणून हे पत्र. शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिला होता, त्यानंतर कागदावर कुणाला असं लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा अक्षराला हसू नकोस. चिनू मांडीवर आहे आणि पेन निम्मं तिच्या ताब्यात आहे. तुझे दाजी शनिवारी उदगीरला येतायत, तेच हे तुझ्या हातात देतील.

अप्पांनी तुला सांगितलंच असेल, की नीटचं रिपीटचं वर्ष तू लातूरला माझ्याकडे राहून करायचंस आणि एक तारखेला सामान घेऊन यायचंस. परवा त्यांनी मला फोनवर विचारलं, "मंजू, तुझ्याकडं पोरीला शांतता मिळंल का गं?" मी म्हटलं, "अप्पा, लई शांतता हाय. या घेऊन तिला." ते खोटं नव्हतं. पण ती शांतता कशी आहे ते तू यायच्या आधी तुला सांगायला हवं.

आमच्या खालच्या मजल्यावर मुलींचं हॉस्टेल, वर आपापल्या पोरांना घेऊन गावोगावहून आलेल्या आया. साऱ्या इमारतीत अभ्यास नसलेले आम्हीच, मी आणि माझी ही दोन रत्नं. बिल्डिंगच्या ग्रुपवर अधूनमधून सूचना येते, 'लहान मुलांच्या पालकांनी सहकार्य करावे.' लहान मुलांची पालक मी एकटीच, पण नाव घेत नाहीत, तेवढी सभ्यता पाळतात. दुपारी वरच्या पोरांच्या सराव परीक्षा असतात. त्या वेळात माझा कुकर बंद, मिक्सर बंद. वीरेशच्या ट्रकच्या चाकांना मी दाजींचे जुने मोजे गुंडाळलेत. चिनूनं भोकाड पसरलं की आधी तिच्या तोंडात गूळ जातो, काय झालं ते मी मागाहून विचारते.

याचा परिणाम असा झाला की वीरेश कुजबुजतच बोलतो. भूक लागली तरी कानाशी येऊन सांगतो, जणू काही घरात कुणाचं लग्न मोडलंय. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, घसा दाखवून घ्या. नेला. डॉक्टरांनी नाव विचारलं, हा कुजबुजला. मग डॉक्टरही नकळत हळू आवाजात विचारायला लागले आणि मीही तशीच उत्तरं देऊ लागले. बाहेर बसलेल्यांना वाटलं असेल, आत कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. घसा ठणठणीत निघाला. तुला मे महिन्यातलं आठवतं ना? आडतीवर सौद्याची बोली सुरू झाली तसा हा माझ्या पदराआड लपला. आपल्या केरबा हमालानं त्याला तुरीच्या पोत्यावर उभं केलं आणि म्हणाला, "वरड की रं मालका, इथं कोन झोपून राहिलंय!" वीरेशनं अशी काही आरोळी ठोकली की बोली थांबली. अप्पा पोट धरून हसत होते. मी पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन डोळे पुसून आले. लातूरला परतलो आणि जिना चढतानाच त्याचा आवाज पुन्हा खाली गेला.

वीरेशचे खेळही इथलेच. चिनूला भिंतीशी बसवतो, पुढ्यात वर्तमानपत्राचा तुकडा ठेवतो आणि घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालतो. चिनू पेपर सोडवत नाही, खाते. मग हा येऊन मला हळूच सांगतो, "आई, चिनू नापास." काही विचारायचं असलं तर म्हणतो, "आई, मला एक डाउट आहे." कालचा डाउट होता, दही रात्री लागतं तर त्याला सकाळी बरं कसं वाटतं. तू आलीस की विचारू, असं म्हणून मी त्याला गप्प केलं.

दाजींचं म्हणशील तर बियाण्याचा हंगाम आहे. सोमवारी नांदेडकडे जातात, उमरी, धर्माबाद करत शुक्रवारी उगवतात. माणूस वाईट नाही गं. पण आठवडाभर दुकानदारांशी बोलून आलेल्या माणसाला वाटतं, आता कुणी बोलू नये, आणि मी तर दारामागेच उभी असते. गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला, क्रेडिट कार्ड घेता का म्हणून. मी नाही म्हटलं, पण फोन ठेवला नाही. ती कुठली, जेवली का, तिथे पाऊस आहे का, सगळं विचारलं. बीडकडची निघाली. चिनूच्या सर्दीला तिनं ओव्याची पुरचुंडी सांगितली. शेवटी तीच म्हणाली, "ताई, मला दुसरे कॉल करायचेत." तिनं फोन ठेवल्यावर मला इतकं रिकामं वाटलं की मी तो नंबर परत लावला. लागला नाही. हे तुझ्या दाजींना सांगू नकोस.

तेव्हा तू येणार हे ऐकून मला काय झालं असेल, विचार कर. मागची खोली आवरली, पडदे धुतले. तुझ्या आवडीची तिळाची चटणी आधी करून ठेवली, मग वाटलं खवट होईल, म्हणून आम्हीच संपवली. मनातल्या मनात तुझा दिवसही आखला. सकाळी दोघींचा चहा. मग तू चिनूला धरायचंस आणि मी दार लावून आंघोळ करायची. दार लावून! संध्याकाळी वीरेशला घेऊन तू खाली जायचंस, रात्री आपण बोलत पडायचं. अप्पांनी विचारलं, क्लासची बॅच कुठली घेऊ, तर मी फाडकन म्हणाले, "दुपारची. सकाळी अभ्यासाला डोकं चालत नाही." मला बॅचमधलं ओ की ठो कळत नाही, सृष्टी. मला सकाळी तू घरी हवी होतीस. फोन ठेवला आणि लक्षात आलं, आखलेल्या त्या अख्ख्या दिवसात तुझं पुस्तक कुठेच नव्हतं.

तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. मी नांदेडला एम.एस्सी.ला होते, तेव्हा आत्याकडे राहायचे. तिचा आंबरीश तेव्हा रांगत होता. आत्यानं मला कधी एक भांडं घासायला लावलं नाही, स्वतःच्या ताटातला घास द्यायची. फक्त म्हणायची, "मंजू, जरा बघतीस का याला?" मी बघायचे. मला आवडायचंही. त्या 'जरा'त माझी दोन वर्षं गेली, एक विषय राहिला तो राहिलाच, आणि मग स्थळ आलं. सगळे म्हणाले, पोरीचं मन अभ्यासात नव्हतं. आत्याचा मला राग येत नाही. उलट आता कळतं, ती संध्याकाळी माझी वाट बघत गॅलरीत का उभी असायची. पण तुझ्याकडून मी तेच करून घेईन. तुला तर मूल रडलेलं ऐकवतच नाही. सुट्टीत चिनूला मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसलीस, तेव्हा आठवडाभर तुझ्या पुस्तकाचं एकच पान उघडं होतं. मी बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

तर हे पत्र एवढ्यासाठी, की तू येऊ नकोस. अप्पांना तूच सांग, तुला हॉस्टेललाच राहायचंय आणि सकाळची बॅच हवी. कारण विचारलं तर माझ्या पोरांवर ढकल, लई दंगा करतात म्हण. अप्पा माझ्यावर चिडतील, चिडू देत. डॉक्टर तुला व्हायचंय, अप्पांना नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते. रविवारी जेवायला ये. मधल्या वारी दारात उभी राहिलीस तर मी दार उघडणार नाही असं लिहिणार होते, पण मी उघडेन, आणि चिनूला तुझ्या हातात देईन, म्हणून येऊच नकोस. फक्त एक कर. हे वाचून लगेच 'बरं अक्का' म्हणून मोकळी होऊ नकोस. अप्पांना सांगायच्या आधी अव्वाच्या फोनवरून, सगळ्यांच्या देखत, माझ्याशी भांड. मला तुझ्याकडेच राहायचंय, असं एकदा मोठ्यानं म्हण. मग हॉस्टेलला जा.

तुझीच,
मंजूअक्का