धुळ्याचा खोटा हुंकार

आबा, मी तुमची लेक बोलते आहे आणि माझी नात, म्हणजे तुमची पणती, लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, ते तुमचंच कर्तृत्व. भावांच्या पाट्या ओल्या फडक्याने पुसायच्या मी आणि त्यांवर लिहायचं त्यांनी. त्या फडक्याचा वास आठवला की अजून शिसारी येते. पण आज भांडायला बसले नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

ही पोर जळगावात एका पाईपच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरचं काम करते. धुळ्याच्या दुकानातली मागणी टेलिफोनच्या तारेतून जळगावच्या गोदामात उतरते, तो प्रोग्राम हिचा. तिकडचा कॉम्प्युटर रीतसर बंद केला तर जाताना 'निघतो' म्हणतो, आणि इकडचा आपला कान काढून घेतो. पण धुळ्यात वीज गेली की तो न सांगताच मरतो. इकडच्याला पत्ताच नाही. मागणी नसली तरी शांतता, मेला तरी शांतता. पडद्यावर आपलं 'जोडलेलं आहे'. वीज परत आली, धुळ्याने पुन्हा दार वाजवलं, तर हा शहाणा म्हणतो, तू तर आधीच आत बसला आहेस. दिवसभर मेलेल्याला मांडीवर घेऊन बसायचं आणि जिवंताला दारातून हाकलायचं. मला ऐकूनच किळस आली. तिथला मॅनेजर तर त्याच्या वरताण. गुटख्याचा तोबरा तोंडात धरून सगळ्यांसमोर म्हणाला, "शनिवारपर्यंत जमव, नाही तर घरी बस. पोळ्या तरी नीट येतात ना?"

पोरीने डोळे पुसले आणि सोय केली. जळगावने दर मिनिटाला विचारायचं, आहेस का. धुळ्याने म्हणायचं, हूं. दोन दिवस बरं चाललं. गुरुवारी मागणी एकही उतरली नाही, हूं मात्र मिनिटागणिक येत होता. फोन करून विचारलं, तर तिकडे मागणी पाठवणारा प्रोग्रामच अडकून पडलेला. हूं म्हणणारा प्रोग्राम वेगळा, कॉम्प्युटरच्या खालच्या थरातला. वरचा जगला काय नि मेला काय, त्याला घेणंदेणं नाही. "आजी, गेली माझी नोकरी," म्हणाली. समोरचं ताट तसंच.

आणि मला आपला ओटा दिसतो. तुम्ही बियाण्याच्या शेंगा फोडताय, गोष्ट सांगताय, मी हुंकार देतेय. माझं लक्ष भाऊ पाटी गिरवतो तिकडे. तुम्ही आवाज न बदलता म्हणता, "मंग राजानी म्हैस खादी." राजा म्हैस खातो, तरी मी म्हणते, हूं. "पोरी, तुनं तोंड हूं म्हनस, कान कोठे शेतस?" कान कुठे आहेत असं विचारलंत, त्या दिवसापासून तुमचा नियमच झाला. नुसता हूं चालायचा नाही. शेवटचं काय सांगितलं ते म्हणून दाखवायचं, मग गोष्ट पुढे.

मी म्हटलं, "बाई गं, त्या मेल्याला आहेस का विचारू नको. मी शेवटचं काय म्हटलं, ते विचार. आणि जो मागणी पाठवतो त्यानेच ते सांगायचं. तीनदा नाही सांगितलं तर त्याचं पान उचल, नव्याने येईल त्याला आत घे."

ती बघतच राहिली. "आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी कशाला? माझं मीच."

शुक्रवारी तिने तसं केलं. शनिवारी धुळ्यात दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा जळगावने तीन मिनिटांत ओळखलं, आणि वीज येताच धुळ्याला आत घेतलं. मॅनेजर मालकाला म्हणाला, "मी तिला बरोबर रस्त्याला लावलं." थू. पण पोरीची नोकरी राहिली.

तुम्ही गेलात तिकडे हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं; तुम्ही फुगला असता. माझं मीच, हे खोटं होतं. ज्याने मला पाटी दिली नाही त्याचं नाव माझ्या नातीच्या कामात यायला नको, म्हणून मी ते गिळलं. आत्ता पोर पेन थांबवून माझ्याकडे बघते आहे. बघतेस काय, लिही. आबांनी शिकवलं.