वाचक क्रमांक ११८४

कळंबा, १९ मे

प्रिय सुष्मी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, असं पेटीत टाकण्याआधीच वाटतं आहे. अकरा महिने आपण बोललो नाही. मागच्या महिन्यात महाद्वार रोडला तू समोरून येताना दिसलीस आणि मी बांगड्यांच्या दुकानात शिरले. मला बांगड्या घ्यायच्या नव्हत्या. तूही पाहिलं असणार. तरी वाच. सुरुवातीची पानं नुसती कुरकुर आहे, पण ती दुसऱ्या कुणाला ऐकवावी ते मला सुचत नाही. रोज वहीत लिहिते, पण वही उलट काही बोलत नाही. कॉलेजात तू बोलायचीस.

नोकरीचं तुझ्या कानावर आलंच असेल. डिसेंबरपासून बसनं गावातल्या वाचनालयात सकाळच्या वेळेत जाते, साडेआठ ते बारा. लोकांना सांगते की प्रियदर्शनी आता पंधरा वर्षांची आहे, तिचा अभ्यास ती करू शकते. खरं म्हणजे घरात मला गुदमरायला लागलं होतं. तिला शाळेतून काढून घरी शिकवायचं मीच ठरवलं आणि सहा महिन्यांत मलाच घराबाहेर पडायला निमित्त हवं झालं. हे वाक्य वहीत तीनदा लिहून खोडलं आहे. इथे खोडत नाही.

वाटलं होतं, पुस्तकांत वेळ जाईल. जातो, पण पुस्तकांच्या पाठीवरच्या आकड्यांत. मार्चपासून पडताळणी चालू आहे. म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक मोठ्या नोंदवहीशी ताडून पाहायचा, सापडला तर टिंब, नाही सापडला तर फुली. एकदा एक पुस्तक हातात घेऊन पान उलटलं, तर आमचे ग्रंथपाल कृष्णात सर मागून म्हणाले, "मॅडम, वाचू नका, मोजा." अकरापर्यंत धुळीनं नाक वाहायला लागतं. वर्तमानपत्रांच्या टेबलावर एक आजोबा रोज शब्दकोडं पेनानं सोडवतात आणि मी अडवलं की म्हणतात, "अहो बाई, उद्या हा कागद रद्दीच हाय की." मला राग येतो. मग एवढ्याशा गोष्टीचा राग का आला, म्हणून बसमध्ये मी स्वतःवर चिडते. हे तुला नवीन नाही.

घरी येते साडेबाराला. सकाळी निघताना टेबलावर ठेवलेले प्रश्न तसेच पडलेले असतात, कधी वर चहाच्या कपाचा गोल उमटलेला. काय केलंस, विचारलं की वाचलं म्हणते. काय वाचलंस, तर असंच. मग मी भाजी फोडणीला टाकता टाकता इतिहास शिकवते, ती "हं" म्हणते, आणि आतल्या खोलीतून मामंजी ओरडतात, "आमटी करपली का गं?" तुला आठवतं, मी तुझ्या स्टाफरूममध्ये उभं राहून काय काय बोलले होते? मूल जगातून शिकतं, चार भिंतींतून नाही. माझं जग म्हणजे करपलेली आमटी निघाली.

एक उपक्रम मात्र मला फार आवडायचा. संध्याकाळी सायकलवरून कळंबा तलावावर जायचं, पायरीवरच्या खुणेपासून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, आणि वहीत तारीखवार मांडायचं. फेब्रुवारीपासून तिनं एक दिवस चुकवला नाही. मी ती वही शिवप्रसादला दाखवली. फौंड्रीतून दमून आलेला नवरा, त्यानं दोन पानं चाळली आणि म्हणाला, "एप्रिलात पाणी वाढलंय गं हे. पाऊस कुठं झाला?" मी त्याच्याशी भांडले. भूजलाचे झरे असतात म्हणाले. भूजलाचे झरे, सुष्मी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आता ज्यासाठी ही सगळी कुरकुर केली, त्याकडे येते. या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सरांनी माझ्याकडे थकीत पुस्तकांची यादी दिली. आमच्याकडे यादीत नावं नसतात, नुसता वाचक क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक आणि नेल्याची तारीख. स्मरणपत्राचा मजकूर मी लिहायचा, आणि मग ज्ञानू शिपाई सभासदांच्या रजिस्टरातून पत्ते घालून कार्डं टाकणार. वाचक क्रमांक ११८४ पाशी मी थांबले, क्रमांकावरून जुना सभासद. एकच पुस्तक फेब्रुवारीपासून, दर पंधरा दिवसांनी तारीख वाढवून, पाच वेळा. नियम दोनदाचा आहे. संध्याकाळची माणसं वेगळी, ती ओळखीवर शिक्का मारत असणार, आणि शेवटच्या खेपेची तारीखही उलटून गेली होती. बाकीच्यांना मी दोन ओळी लिहिल्या. याला पूर्ण कार्ड भरून लिहिलं. सार्वजनिक वस्तू स्वतःची समजणाऱ्या वाचकांमुळे इतरांचा हक्क मारला जातो, आपल्यासारख्या जुन्या सभासदाकडून ही अपेक्षा नव्हती, वगैरे. लिहून झाल्यावर बरं वाटलं. या महिन्यात बरं वाटलेली ती एकच गोष्ट.

चौथ्या दिवशी घरी आले तर मामंजी चष्मा लावून खाटेवर बसलेले, हातात ते कार्ड. म्हणाले, "काय गं दानेश्वरी, सासऱ्याला नोटीस धाडलीस व्हय?" मला आधी समजेच ना. वाचनालयाचे ते चाळीस वर्षांचे सभासद आहेत हे मला माहीत होतं. पण गुडघे गेल्यापासून त्यांनी जिना चढलेला नाही, आणि त्यांचा क्रमांक मी कधी विचारला नव्हता. ते हसत होते. "अक्षर झ्याक हाय. पण सार्वजनिक वस्तू स्वतःची समजणारा म्हंजे मी न्हवं बरं का." आणि त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात प्रियदर्शनी उभी होती. दुसऱ्या दिवशी ज्ञानूला विचारलं, पत्ता लिहिताना कळंबा दिसलं नाही का, तर तो म्हणाला, "दिसलं की. मला वाटलं, बाईंनी घरच्यांनाबी सोडलं न्हाय." त्याच्या आवाजात कौतुक होतं.

तर तलावावर ती जातच नव्हती. सायकल थांब्यावर लावून रोज साडेचारच्या बसनं गावात, वाचनालयात बसून, पंधरवड्याला अज्जाच्या कार्डावर तारीख वाढवून परत, आणि पाण्याचे आकडे बसमध्ये बसून लिहिलेले. मी विचारलं, कसलं पुस्तक आहे एवढं, आण इकडे. ती जागची हलेना. शेवटी मामंजी म्हणाले, "आण बाळ, काय व्हतंय," तेव्हा तिनं गादीखालून काढलं. तुमच्या शाळेचा, तू संपादन केलेला, यंदाचा वार्षिक अंक. आमच्याकडे गावातल्या शाळांचे अंक येतात, त्यांना क्रमांक पडतो, आणि कोणी नेत नाही म्हणून ते मागच्या फळीवर पडून असतात. तिनं नेला होता.

तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अंक हातात आपोआप उघडला. सतत एकच पान उघडलं की पुस्तकाला तशी सवय लागते. पान सत्तावीस. मुलांनी काढलेली चित्रं. त्यात घाटावरच्या म्हशींचं एक चित्र, आणि खाली छापलं होतं, प्रियदर्शनी शि. पाटील, नववी अ. ते चित्र तिनं आठवीत काढलेलं. नववी अ मध्ये ती एक दिवसही बसलेली नाही.

त्या दिवशी मी मागच्या जूनची वही काढली. तुला माहीत आहे, मी सगळं लिहून ठेवते. शाळा सोडवण्याच्या निर्णयावर सलग नऊ पानं आहेत. तू वर्गात मोठ्यानं गुण वाचायचीस आणि गुणांप्रमाणे बाकं ठरवायचीस, ते आहे. चाचणीच्या सकाळी तिला उलट्या व्हायच्या, त्यांच्या तारखा आहेत. तुला मी काय बोलले, तू काय बोललीस, सगळं शब्दशः. शिवप्रसादचं मत आहे, मामंजींचं आहे, दुधवाल्याचंसुद्धा आहे. तिचं नाही. विसरून राहिलं असेल म्हणून मी दोनदा पानं चाळली. मी तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून मग विचारलं, अकरा महिने उशिरा, कणीक मळताना. ती म्हणाली, बाकं बदलणं तिला आवडायचं नाही, पण मागच्या बाकावर तिच्या शेजारी कोण कोण असायचं ते मला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. तिनं चार नावं घेतली. मी म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललीस? म्हणाली, "तू खूप रडत होतीस गं." एवढंच. आणि कणकेत पाणी जास्त झालंय म्हणून परात माझ्याकडून ओढून घेतली.

गुण वाचायची तुझी पद्धत मला आजही पटत नाही. हे लपवून पुढचं मागितलं तर ते खोटं होईल. पण "तुझ्या हाताखाली माझं मूल सुरक्षित नाही" असं जे सगळ्या स्टाफसमोर बोलले, ते खरं नव्हतं. मला घाबरायला कुणीतरी समोर हवं होतं आणि तू ओळखीची होतीस. त्याची माफी मागते. ही माफी पुढच्या ओळीसाठी नाही, असं लिहिणार होते. पण तसं म्हणणंही पूर्ण खरं नाही.

पंधरा जूनला शाळा उघडते. प्रियदर्शनीला परत यायचं आहे. नववीची परीक्षा तिनं दिलेली नाही, त्यामुळे दहावीत बसता येणार नसेल तर नववीत, लहान मुलींबरोबर बसायला ती तयार आहे. हे तिनं स्वतः सांगितलं आणि मी तिच्यासमोर वहीत लिहून घेतलं. मुख्याध्यापकांकडे अर्ज मी रीतसर करीन, पण आधी तू हो म्हणावंस असं तिला वाटतं. मी घरात असेन तर ती मोकळी बोलणार नाही, म्हणून तू सकाळी ये, मी वाचनालयात असताना. मामंजी चहा करतात, साखर जास्त टाकतात. अंक मी परत जमा केला आहे, शिक्का स्वतः मारला, वाचक क्रमांक ११८४, टिंब. त्या चित्राखाली "नववी अ" तू मुद्दाम छापलंस की जुन्या यादीवरून नजरचुकीनं राहून गेलं, हे मला विचारायचं होतं. आता विचारत नाही. नजरचूक असेल तर मला सांग, चालेल. तिला सांगू नकोस.

तुझीच,
दानेश्वरी