माझे दोनच मांडा

प्रिय मनाली,

रेडिएशन आणि केमोचा मेंदूवर उशिरा काही परिणाम झालाय का, हे बघायला डॉक्टरीणबाईंनी तुला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने तुला दोनच आठवले. मागून आपली साक्षी पुटपुटली, "आई, होडी." तू वर्गात वळायचीस तशी वळलीस. "ए पोरी, कॉपी नाही हां! डॉक्टर, माझे दोनच मांडा."

घरी चौलला पोचेपर्यंत तू हे विसरलीस, म्हणून लिहितोय. तू गेलीस, आणि आज तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मी, चारचौघांत कधी न बोलणारा, हेच सांगायला उभा राहिलो. मध्येच अडलो. साक्षी मागून सांगू लागली. मी म्हटलं, "कॉपी नाही हां!" तुझे जुने विद्यार्थी रडता रडता हसले. उरलेलं माझं मीच सांगितलं.

जय भीम.
तुझा,
रत्नपाल