दहाव्याच्या पिंडावरचं तूप

मी, तुळसाबाई कळंबटे, राहणार नाटे, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, वय अदमासे सत्तर, हे मृत्युपत्र तोंडाने सांगते आणि आप्पा गुरुजी लिहून घेतात. मला अक्षर एक येत नाही. अक्कल जागेवर आहे, हे गुरुजींनी तीनदा विचारून खात्री करून घेतलं. माझे पती कै. दत्ताराम यांचं नाव गुरुजींनी घातलं, मी घेतलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मला दाबणारा अजून जन्मायचा आहे.

१) तांब्याची घागर जाऊ गोदा हिला. "ती माझीच आहे" असं ती तीस वर्षं सांगते. आता तिला खोटं बोलावं लागणार नाही.

२) म्हैस शेजारच्या कमळाला. माझ्यापेक्षा म्हैस तिचंच ऐकते.

३) घराचं शेवटी सांगते, आधी तुपाचं. म्हशीचं खरं तूप मी बरणीत भरून मुंबईला मुलगा काशीराम याला पाठवत असे. खाणावळीचं जेवून पोर सुकलं होतं. घरी यांना वाढायला डब्यातलं वनस्पती विड्याचं पान घालून कढवी, वर चमचाभर खरं. हे म्हणत, "तुझ्या तुपाला तोड नाही हां." मी म्हणे, "जेवा मुकाट." अठरा वर्षं जेवले. एका सकाळी छातीत कळ आली ती घेऊनच गेले.

दहाव्याला खाडीवर कावळा शिवेना. काशीराम म्हणाला, "धाकट्या बहिणीचं, चिमाचं, लग्न मी करीन." भावकी म्हणाली, "तुळसेला सांभाळू." कावळा फांदीवरून हलला नाही. कशासाठी अडलंय ते मला ठाऊक होतं. पिंडावरही तेच डब्यातलं होतं; चार माणसांत दुसरी बरणी काढली असती तर बिंग फुटलं असतं. मी तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे घरी आलो.

हेही आले. दुपारी भात वाढला की चुलीपाशी खाकरतात, तूप मागायला खाकरायचे तसेच. पंधरा वर्षं मी यांचं पान वाढते, त्यावर तेच तूप. चव बदलली तर ओळखतील ना!

४) नात गुणवंती मुंबईत तेलातुपाच्या प्रयोगशाळेत आहे. शुद्ध तुपाचा नमुना म्हणून ती कौतुकाने चुलीपाशी यांच्या पानासाठी ठेवलेली बरणी घेऊन गेली. मिठाच्या दोन चकत्यांमध्ये थेंब ठेवतात, डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यातून सोडतात, आणि मशीन कागदावर रेघ ओढतं. दिवाळीला कागद घेऊन आली.

"आजी, खऱ्या तुपात रेघेला इथे नखाएवढी खोच पडते. तुझ्या तुपात विहीर पडलीय. हे वनस्पती आहे."

"मशीन बिघडलं असेल गो."

"तीनदा लावलं."

"त्याने माणूस मरतो काय?"

"काही डॉक्टर म्हणतात, छातीला वाईट. नक्की कोणी सांगत नाही."

म्हणजे मशीन तुपाचं सांगतं, यांच्या छातीचं सांगत नाही. ते यांनाच विचारायचं, आणि माझा धीर होत नाही.

५) म्हणून माझ्या दहाव्याला दोन पिंड ठेवावेत, यांचा पुढे. त्यावरचं तूप गुणवंतीने आधी मशीनला दाखवलेलं असावं. काशीरामने कलम तीन सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. त्याने खाल्लं ते बापाच्या ताटातलं होतं, हे त्याला तिथेच कळू दे. वाचलं तर घर त्याचं. लाज वाटली तर गुणवंतीचं. कावळा आला नाही तरी या खेपेला दर्भाचा करू नये. थांबावं. भरती चढली तर गुडघाभर पाण्यात थांबावं. माझ्या पिंडाचं मागाहून बघा. मला घाई नाही.

वाचून दाखवलं, बरोबर आहे.

तुळसाबाई यांचा डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: केरू, सही. जानू, सही.
मुक्काम नाटे, ११ नोव्हेंबर १९८६.